दहा मोजेपर्यंत

हरेश्वर गेला, हे मी लोकांना सांगितलं तेव्हा लोक हसले.

त्यांचा दोष नव्हता. रविवारची सकाळ होती. बोईसर स्टेशनबाहेर रिक्षास्टँडाजवळची आमची नेहमीची चहाची टपरी, आणि मला घेरून उभी असलेली सुट्टीवरची सहा-सात माणसं. मी गोष्ट सांगत होतो आणि गोष्ट हरेश्वरचीच होती. त्याची छोटी बोट दमणपर्यंत पोचली होती, पुढे मस्कत गाठायचं होतं, तेवढ्यात फोन वाजला. दातिवऱ्याहून काशिनाथ बोलत होता, हरेश्वरच्या बहिणीचा नवरा. "दिनूभाऊ, हरेश्वर गेला. आत्ताच. छातीत कळ आली. त्याच्या कामाच्या टेबलाशी बसल्या बसल्या." मी फोन खिशात ठेवला आणि समोरच्यांना म्हणालो, "हरेश्वर गेला." एकाने लगेच विचारलं, "कुठं, मस्कतला?" दुसरा म्हणाला, "अरे दिनूचाचा, टिकट किसने निकाला?" सगळे खदखदून हसले आणि चहाचे ग्लास हातात धरून पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. खरं सांगायचं तर मीही वाट बघत होतो... पुढचं वाक्य आलंच नाही.

तीस वर्षं मी इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कापड रंगवणाऱ्या कारखान्याचं स्टोअर सांभाळलं, आणि त्या तीस वर्षांत माणसांना ही सवय मीच लावली. आमच्याकडे लाल रंगाची पाळी लागली की आसपासच्या म्हशी गुलाबी दूध द्यायच्या, असं मी सांगायचो. आमच्या एका साहेबांच्या शिंकेने पालघरपर्यंतचे दिवे गेले होते, हेही मीच सांगितलं, आणि त्यावर विश्वास ठेवणारे दोन जण अजून नोकरीत आहेत. असा मी माणूस आज खरं लिहायला बसलो आहे, कारण एक खरी गोष्ट हरेश्वरला सांगायची राहून गेली. ती आताच लिहून टाकतो, नाहीतर लिहिता लिहिता मी तिलाही शेपूट लावेन. मस्कतच्या गोष्टीतली ती बोट माझ्यामुळे गेली. सात वर्षं मला हे माहीत होतं. सात वर्षं तो माझ्यासमोर बसून ती गोष्ट ऐकत होता.

हरेश्वर सातपाटीचा. घरचा धंदा मासेमारीचा, पण हा शिकला वायरमनचं आणि आमच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून लागला. मी साताऱ्याकडचा, म्हणजे त्याच्या भाषेत घाटी. पहिल्यांदा मी त्याच्या मेंटेनन्सच्या खोलीत गेलो ते फ्यूजच्या पावतीवर सही घ्यायला. जेवणाची सुट्टी होती. हा रिमोटवर पळणारा वीतभर लांबीचा ट्रक मांडीवर घेऊन बसलेला, हातात सोल्डरचं आयर्न, दात घट्ट मिटलेले. मी म्हणालो, "सही पाहिजे." उत्तर नाही. म्हणालो, "साहेब स्वतः बाहेर उभे आहेत." नाही. म्हणालो, "मला जेवायला जायचंय." तरी नाही. मला वाटलं, बिचारा ठार बहिरा आहे, आता खुणांनी सांगावं लागणार. तेवढ्यात त्याने श्वास सोडला, मान वर केली आणि म्हणाला, "हां, आता बोल. तीन वाक्यं बोललास, तिन्ही ऐकली. मधलं खोटं होतं."

त्या दिवशी आमची दोस्ती जमली. माझं खोटं इतक्या प्रेमाने कोणी पकडलं नव्हतं.

ज्यांना हा छंद माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या गाड्या आणि बोटी म्हणजे जत्रेतली खेळणी नव्हेत. एक गाडी माझ्या नडगीवर आदळली होती, तिची खूण अजून आहे. त्यांना लागणारी बॅटरी तळहाताएवढी, पण अंगात वीज अशी की एका दमात सगळी ओतून मोकळी होईल. ती वीज मोटरपर्यंत जाते ती दोन जाड तारांतून आणि एका पिवळ्या प्लगमधून. तारा त्या प्लगला सोल्डरने, म्हणजे वितळवलेल्या कथलाने जोडायच्या. सगळी मख्खी तिथे. गाडी कितीही भारी घ्या, तो एक सांधा कच्चा राहिला की सगळं फुकट. रविवारी सकाळी वसाहतीतल्या एका मोकळ्या प्लॉटवर आमची पाच-सहा माणसं गाड्या पळवायची, आणि ज्याची गाडी मध्येच मान टाकायची तो ती उचलून थेट हरेश्वरकडे यायचा. मी गाडी चालवायचो नाही. एकदा चालवली तेव्हा ती पाण्याच्या टँकरखाली गेली. त्यानंतर माझं काम फक्त धावतं वर्णन करायचं. ते मी असं करायचो की तिसऱ्या नंबरच्या गाडीचा मालकही घरी जाऊन बायकोला जिंकल्यासारखं सांगे.

सांधा लावायची हरेश्वरची पद्धत मला झोपेतही पाठ आहे, हाताला मात्र कधी आली नाही. तारेला आधी कल्हई करायची, प्लगच्या पितळी वाटीला वेगळी कल्हई करायची आणि मग दोघांची गाठ घालून द्यायची. आयर्नचं टोक जाड पाहिजे. सुईसारखं टोक घेऊन लोक तासभर गोंजारत बसतात आणि तेवढ्यात प्लास्टिक वितळून प्लगची पिन तिरकी होते. "भरपूर ताप, थोडा वेळ," तो म्हणायचा. "पापलेट तळतोस ना? तसंच." ताप सांध्याला द्यायचा, कथलाला नाही, सांधा तापला की कथील आपणहून आत येतं. प्लगला एकट्याला कधी तापवायचं नाही. समोरचा प्लग आधी त्यात बसवून ठेवायचा, म्हणजे पिन सरळ राहते. "एकट्याला ताप दिला का वाकडा होतो. जोडीदार लावून ताप दे." बॅटरीच्या बाजूला काम असेल तर एका वेळी एकच तार उघडी, दुसरीला टेप. मी एकदा दोन्ही तारा एकाच कटरने एकदम कापल्या होत्या. ठिणगी तारापूरपर्यंत दिसली, हे माझं. कटरचं टोक उडून गेलं, हे खरं. त्या कटरला त्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली आणि लिहिलं, "कारण : दिनू."

ही चिठ्ठीची त्याची रीतच होती. कारखान्यात जळलेला कुठलाही भाग काढला की त्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधायचा आणि खोलीतल्या खिळ्यांवर टांगायचा. "कारण : ओलावा." "कारण : उंदीर." "कारण : उंदराच्या मागे मांजर." एका मोटरवर "कारण : साहेबांना घाई" लिहिलं होतं. साहेब ते वाचून गेले, चिठ्ठी तिथेच राहिली. मी विचारलं, "मेलेल्या वस्तूला टांगून काय मिळतं रे?" तर म्हणाला, "कारण लिवल्याबिगर टाकू नये. नाय लिवलं तर ती परत मरते."

आणि आयर्न उचलल्यानंतरचा नियम. हाच नियम मला कधी पाळता आला नाही. आयर्न बाजूला झालं की दहा मोजायचं. तार हलवायची नाही, फुंकर मारायची नाही, बोलायचं नाही. कथील वर वर थिजलेलं दिसतं पण आत अजून ओलं असतं, आणि त्या वेळात तार केसाएवढी हलली तरी सांधा आतून फाटतो. बरा सांधा चमकतो. हललेला सांधा राखेसारखा, दाणेदार दिसतो. त्याला थंड सांधा म्हणतात. तो लगेच तुटत नाही, वर्षभर सोबत राहतो आणि नेमका जोर लागेल तेव्हा दगा देतो. "गप," हरेश्वर म्हणायचा. "दहा मोजेपर्यंत गप रे घाटी. तू बोललास का तुझा सगला हात बोलतो." आणि खरंच, मी बोलायला लागलो की माझे दोन्ही हात हवेत जातात. मी हात खिशात घालून बोललो तर तोतरा होईन.

आता ती बोट. हरेश्वरच्या वडलांची मासेमारीची होडी होती, 'हिराई'. हिराबाई त्याच्या आईचं नाव. वडील दर वर्षी तिच्या सांध्यांत राळ भरायचे आणि हा लहानपणी राळेचं भांडं धरून उभा राहायचा. पुढे आयुष्यभर, कथील नीट धरावं म्हणून आयर्नच्या टोकावर राळ टेकवली की त्या वासाने तो क्षणभर डोळे मिटायचा. होडी जुनी झाली, मोडीत निघाली, तेव्हा याने तिच्या नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची एक सागवानी फळी मागून घेतली. त्या फळीतून दोन वर्षं कोरून कोरून त्याने दीड हाताची छोटी 'हिराई' केली. तसाच निळा पट्टा, तसंच पांढरं पोट, आत मोटर आणि बॅटरी. सातपाटीत ती बघायला आलेला, आयुष्यभर होड्या हाकलेला एक म्हातारा तांडेल तिच्यापुढे चपला काढून उभा राहिला. हे मी वाढवून सांगत नाही. वाढवायची गरजच पडली नाही.

तिला पहिल्यांदा वाहत्या पाण्यात सोडायचं ठरलं ते दातिवऱ्याला, खाडीच्या तोंडाशी. थंडीतला रविवार. काशिनाथच्या अंगणात आम्ही सामान मांडलं तर बोटीचा प्लग सैल निघाला, बदलायला हवा. मी म्हणालो, "आज मी लावतो. वीस वर्षं शिकतोय तुझ्याकडे." तो हसला. आयर्न माझ्या हातात दिलं आणि पाणी बघायला किनाऱ्यावर गेला. मी सगळं नीट केलं. कल्हई केली, जोडीदार लावला. एवढंच काय, काळी स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आवळून सांधा झाकणारी नळी, जी जगातला प्रत्येक माणूस आधी घालायला विसरतो आणि मग कपाळावर हात मारतो, तीसुद्धा मी आधीच तारेत ओवून ठेवली. लाल तार लागली. काळी तार लावताना काशिनाथ समोर बसला होता आणि मी त्याला आमच्या गावचा बैल एसटीत कसा चढला ते सांगत होतो. आयर्न उचललं. एक, दोन, तीन... आणि कंडक्टर बैलाला म्हणतो, "पुढे सरका!"

माझा हात हवेत गेला.

काशिनाथ हसून हसून आडवा झाला. त्याला या कामातलं काही कळत नव्हतं. मी खाली बघितलं, सांधा राखेसारखा झाला होता. पुन्हा तापवायला पाच मिनिटं लागली असती. पण अंगणाच्या टोकाला हरेश्वरच्या चपला वाजल्या, आणि मी... मी ती स्लीव्ह पुढे ओढली आणि लायटर फिरवला. नळी आवळली, सांधा झाकला. "झालं?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "झालं. आरसा आहे आरसा, भांग पाडून घे." एरवी तो माझी साधी गाठसुद्धा ओढून बघायचा. त्या दिवशी त्याने तपासलं नाही.

हिराई गेली ती अशी गेली की किनाऱ्यावरची जाळी विणणारी माणसं उभी राहिली. दोन वळणं घेतली, तिसऱ्याला त्याने पुरा जोर दिला, आणि ती थांबली. रिमोटची कांडी तो पुढे-मागे करत राहिला. ओहोटी लागलेली होती. काशिनाथची होडी चिखलात बसलेली, दुसरी हाताशी नाही. हरेश्वर छातीभर पाण्यात गेला आणि तिथेच उभा राहिला, रिमोट डोक्यावर धरून. बोट आडवी होत होत खाडीबाहेर गेली, निळा पट्टा दिसेनासा झाला, मग ठिपका, मग तोही नाही. तो परत आला तेव्हा एवढंच म्हणाला, "बाबांची होती..." मी तेव्हा बोलायला हवं होतं. बोललोही, पण काय बोललो? ती शांतता मला सहन होईना, म्हणून म्हणालो, "अरे, सागवान आहे ते, बुडतंय कसलं. मस्कतला जाऊन लागेल." बराच वेळ तो पाण्याकडे बघत होता. मग त्याला हसू आलं. त्या हसण्याला मी बुडणाऱ्याने ओंडका धरावा तसा धरून बसलो.

पुढच्या रविवारी मी बोटीला दमणला पोचवलं, त्याच्या पुढच्या रविवारी तिला डॉल्फिन भेटला. महिन्याभरात मस्कतच्या एका शेटने तिला काचेच्या कपाटात ठेवलं आणि कपाटाला दोन पहारेकरी नेमले. लोक ही गोष्ट मागून ऐकायचे. हरेश्वर शेजारी बसून एखादी तार सोलत असायचा. मी "मग बोट दमणजवळ आली आणि..." म्हणून दम घ्यायला थांबलो की मान वर न करता तो म्हणायचा, "तिथं मुक्काम केला. पाणी भरून घेतलं." सगळे फुटायचे. सात वर्षं, एकच जागा, एकच वाक्य. आणि दर वेळी त्याचं ते वाक्य झालं की मला वाटायचं, आता सांगून टाकावं. दर वेळी मस्कत जवळ दिसायचं आणि मी पुढे जायचो.

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी मी निवृत्त झालो. कॅन्टीनमध्ये निरोपाचा कार्यक्रम, हार, नारळ. कोणीतरी ओरडलं, "मस्कत होऊन जाऊ दे!" मी सुरू केलं. चांगलं रंगलं. "मग बोट दमणजवळ आली आणि..." म्हणालो आणि सवयीने थांबलो. समोर दीडशे माणसं, वर पंखे. मी थांबलेला आणि तीही थांबलेली. डाव्या बाजूला मी मान वळवली, तिथे एक रिकामी खुर्ची होती, तिच्यावर कोणीतरी शालीची पिशवी ठेवली होती. मी त्या पिशवीच्या बोलण्याची वाट बघत होतो. लोकांना वाटलं मला गहिवरून आलंय, त्यांनी टाळ्या वाजवल्या. आता टपरीवरही तसंच होतं. घरी एकटा असलो तरी बोलता बोलता त्या जागी थांबतो. पत्नी विचारते, "कोणासाठी थांबलात?"

पाचव्या आठवड्यात जयवंतीवहिनींचा, हरेश्वरच्या बायकोचा, फोन आला. "भावजी, येऊन जा. कायतरी दाखवायचं हाय." दुसऱ्या दिवशी सकाळी सातपाटीला गेलो. बोंबील सुकत घातलेल्या बांबूच्या वलांड्यांमधून वाट काढत त्यांच्या ओटीवर पोचलो. हरेश्वरचं टेबल त्याच कोपऱ्यात होतं, वर चादर टाकलेली. अंत्यविधीच्या दिवशीही ती चादर मी पाहिली होती. खाली काय आहे हे विचारायची तेव्हा वेळ नव्हती.

"चहा मागून," वहिनी म्हणाल्या. "आधी हे बघा." आणि चादर काढली.

टेबलावर हिराई होती.

निळा पट्टा, पांढरं पोट. पोटाला एक ओरखडा, बाकी तशीच. मी मागे सरकलो तो खांबाला आपटलो. विचारलं, "ही... ही कुठनं आली?"

"मस्कतवरनं," वहिनी म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. मग हसल्या, मग पदर तोंडाला लावून खाली बसल्या.

हिराई हरवल्यापासून अकराव्या दिवशी काशिनाथच्या डोलीत, म्हणजे बोंबलांसाठी खाडीच्या तोंडाशी लावलेल्या जाळ्यात, ती आली होती. त्याने गोणपाटात गुंडाळून सातपाटीला आणून दिली. हरेश्वरने तिला धुतलं, सुकवलं आणि माळ्यावर ठेवलं. सात वर्षं. या ओटीवर बसून मी मस्कतची गोष्ट किती वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी ती माझ्या डोक्यावर, सहा हात उंचीवर पडून होती.

"मी म्हटलं सांगा की भावजींना," वहिनी म्हणाल्या. "तर म्हणाले, बोट वर काढली तर गोष्ट बुडेल. दिनूची गोष्ट बरी चालली हाय, चालू दे. आता तुमच्या रिटायरच्या दिवशी तुमाला दातिवऱ्याला नेऊन हिला पाण्यात सोडणार होते. दिनूचं तोंड एकदा तरी बंद झालेलं बघायचंय, म्हणत होते. त्यासाठीच बसले होते त्या रविवारी... मी आतनं बघितलं तर मान खाली. मला वाटलं, दहा मोजतायत."

मी टेबलाजवळ गेलो.

बोटीचा जुना प्लग कापून काढलेला होता. नव्या पिवळ्या प्लगला लाल तार लावून, स्लीव्ह चढवून पुरी केलेली. काळ्या तारेला कल्हई झालेली, वाटीला कल्हई झालेली, स्लीव्ह तारेत ओवून मागे सरकवलेली. जोडीदार लावलेला. फक्त आयर्न टेकवायचं बाकी. शेजारी तो जुना प्लग, त्याची स्लीव्ह ब्लेडने उभी चिरलेली, आत माझा राखेसारखा सांधा, आणि दोऱ्याने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. शाई सात वर्षं जुनी, फिकी झालेली. "कारण : गप्पा."

त्याला माहीत होतं. मी दर रविवारी त्याच्यासमोर बसून खोटं बोलत होतो, आणि तो दमणला पाणी भरून घेत होता.

मला हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटलंही, चिठ्ठी दुसऱ्यांदा वाचेपर्यंत. मग ध्यानात आलं, त्याने मला हलका गुन्हा लावला होता. गप्पांत हात हलला, एवढंच त्याला सांध्यावरून वाचता आलं असेल. मी तो सांधा बघितला होता, कच्चा आहे हे ओळखलं होतं आणि चपला वाजल्या म्हणून झाकला होता, हे कथील सांगत नाही. की त्याला तेही कळलं होतं, आणि लिहिताना त्याने हात आखडता घेतला? मी वहिनींना सगळं सांगितलं. शेपूट न लावता, आयुष्यात पहिल्यांदा. बैल सांगितला, चपला सांगितल्या, आरसा सांगितला. आणि विचारलं, "त्याला हे माहीत होतं का?"

त्यांनी चिठ्ठी हातात घेऊन उलटसुलट केली. "ते मी कसं सांगू, भावजी? त्यांनी एवढंच लिवलंय."

मग म्हणाल्या, "ती एक तार लावून टाका. त्यांचं अर्धं काम घरात बघवत नाय."

"वहिनी, माझा हात..."

"तोंड बंद ठेवा, म्हणजे हात चालेल. ते हेच सांगायचे ना?"

मी त्याच्या खुर्चीत बसलो. बटण दाबलं. आयर्न हळूहळू तापलं, आणि टोकावरून धूर आला. मी राळ टेकवली नव्हती. त्या रविवारी सकाळी त्याने टेकवलेली राळ टोकावर थिजून राहिली होती, ती पाच आठवड्यांनी धुमसली. तो वास ओटीभर पसरला. आत भांडी लावत असलेल्या वहिनींचा हात थांबला, तो आवाज मला ऐकू आला. मी मागे वळून बघितलं नाही. वळलो असतो तर... नाही, आज शेपूट नको. मी वळलो नाही, इतकंच.

आयर्न वाटीला लावलं. कथील विरघळलं, तार आत गेली. आयर्न उचललं. एक. दोन. तीन. तोंडात शंभर गोष्टी येऊन उभ्या राहिल्या, बैलसुद्धा आला. चार. पाच. दमण आलं. मी दात मिटून धरले. सहा, सात. खोलीत कोणीतरी माझ्याबरोबर श्वास रोखून उभं आहे असं वाटत होतं, आणि त्या वहिनी नव्हत्या, वहिनी आत होत्या. आठ. नऊ. दहा मोजल्यावरही मी काही वेळ बोललो नाही. तार ओढून बघितली. पक्की. सांधा चमकत होता.

मी पेन घेतलं आणि जुन्या प्लगच्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहिलं, "कारण : दिसलं, तरी झाकलं." आणि तो प्लग टेबलामागच्या भिंतीवरच्या खिळ्याला टांगला.

"आता ती नळी वढा की पुढं," दारातून वहिनी म्हणाल्या. "ते वढायचे."

"नको," मी म्हणालो.

स्लीव्ह तारेवर मागे सरकवलेलीच आहे. उघड्या सांध्याची बोट खाऱ्या पाण्यात सोडता येत नाही, त्यामुळे हिराई टेबलावरच असते. सातपाटीच्या वाऱ्यात उघडं कथील आठ दिवसांत मंद होतं, म्हणून मी दर रविवारी जातो. चहा मागून. आधी सुती फडक्याने सांधा पुसतो आणि उजेडाकडे धरून बघतो. वहिनी विचारतात, आज काय नवीन, भावजी? सांगायला पुष्कळ असतं. पण फडकं बाजूला ठेवल्यावर, दहा मोजेपर्यंत, मी तोंड उघडत नाही.